मागे घेतलेलं गाऱ्हाणं

सैन्यात जायला होकार देऊन मग मागे फिरणं सरकारदरबारी फारसं अवघड नसतं. प्रशिक्षणाला हजर व्हायच्या दिवशी हजर व्हायचं नाही, एवढंच. कोणी घरी न्यायला येत नाही. माझ्या मुलीने मागे फिरायचं ठरवलं तेव्हा मी ही चौकशी आधी करून घेतली आणि निश्चिंत झाले. अवघड भाग दुसरीकडे होता. तो आमच्या वाडीच्या शिवेवर, किंजळीच्या झाडाखाली होता, आणि तो मी हिशेबात धरलाच नव्हता.

मी मिरजोळ्याला एका काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. अख्खे गर एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे, दिवसभर हेच. देवाधर्माचं घरापुरतं करते. राखणदार, चकवा असल्या गोष्टी कोणी सांगितल्या तर ऐकून घेते आणि कामाला लागते. नवरा मालवाहू बोटीवर असतो. वर्षातले काही महिने घरी, बाकी पाण्यावर. घरात सासरे, मी आणि मुलगी. शेजारच्या घरात धाकटी जाऊ.

मुलगी वीस वर्षांची. कॉलेज करता करता तिला धावायचा नाद लागला. आमचं घर सड्याच्या कडेला आहे, आणि सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. पहाटे ती तिथे धावायला जाई. पुढे मैत्रिणींबरोबर भरतीची तयारी सुरू झाली, मग भरती, मग मेडिकल. मैत्रिणी एकेक करून गळल्या आणि ही निवडली गेली. वाडीतून मुंबईला गेलेले, बोटीवर गेलेले पुरुष पुष्कळ. सैन्यात गेलेली मुलगी ही पहिलीच. नाक्यावर फ्लेक्स लागला. फोटोच्या दुकानदाराने तिचा चेहरा तयार गणवेशावर बसवला होता. मान बरोबर जुळली होती, पण खाली बांधलेले हात कुठल्या तरी पुरुषाचे होते, मनगटावर केस असलेले. मी ते दाखवलं तर जाऊ म्हणाली, "वैनी, तुम्हाला आनंद म्हणून कशाचा होत नाय."

आता शिवेचं सांगते, कारण घाटावरच्या माणसाला ते कळायचं नाही. आमच्याकडे गाव सोडून लांब जाणारं माणूस जाता जाता शिवेवर थांबतं. तिथे झाडाखाली एक धोंडा आहे, तो राखणदार. तो शिवेच्या आतली माणसं राखतो. जाणाऱ्याच्या नावाने नारळ ठेवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, देवाला सगळ्यांच्या वतीने सांगणं: हे लेकरू तुझ्या राखणीतून बाहेर चाललंय, परत येईल तेव्हा तुझा नारळ तुला देईल, तेव्हा आत घे. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. नारळ फुटला की जाणारा पिशवी उचलतो आणि सरळ रस्त्याला लागतो. घराकडे वळत नाही.

चूक झाली ती इथे. नवऱ्याची सुट्टी मुलीच्या जाण्याच्या बऱ्याच आधी संपत होती. आपण नसताना लेकीचं गाऱ्हाणं कोण घालणार, म्हणून त्याने आपल्याबरोबर तिचंही उरकून घ्यायचं ठरवलं.

गुरव म्हणाले, "जाणारं मानूस त्याच दिवशी जाया लागतं."

"मी जातोय ना त्याच दिवशी. तिचं जरा मागाहून. चालवून घ्या."

"मी चालवून घेईन. तो घेईल तर बरं," असं म्हणून त्यांनी धोंड्याकडे हनुवटी केली आणि सगळे हसले.

सकाळची वेळ होती. झाडापलीकडे चिऱ्यांची खाण आहे. तिथलं कापायचं यंत्र तेवढ्यापुरतं बंद करायला लावलं होतं. गुरवांनी डोळे मिटून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ही तुझी दोन लेकरं आज तुझी शीव ओलांडून चाललीत." "व्हय म्हाराजा!" "आजपासून ती तुझ्या राखणीत नव्हत." "व्हय म्हाराजा!" मुलगीही सगळ्यांबरोबर म्हणाली. नारळ फुटला. नवऱ्याने बॅग उचलली आणि रिक्षात बसला. मुलगी माझ्याबरोबर घरी आली, कारण तिला दुसरं कुठे जायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती धावायला गेली नाही. पाय दुखत असेल म्हणून मी विचारलं नाही. चारसहा दिवसांनी मी मासे साफ करत होते, ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी सैन्यात जाणार नाही."

"का?"

"मला धावायला आवडायचं. कुठे पोचायचं नव्हतं."

"हे आधी कळलं नाही?"

"नाही. गाऱ्हाण्याच्या वेळी कळलं. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, मीपण म्हणाले. पण त्यात माझा आवाज कुठला ते मला ऐकू येईना. मग दुसऱ्या वेळी मी तोंड मिटलं. तरी आवाज तेवढाच आला."

मी म्हटलं, मांजराला बाहेर काढ, मासा पळवेल. मला विचार करायला वेळ हवा होता, इतकंच. रात्रीपर्यंत विचार झाला. वीस वर्षांची मुलगी नको म्हणते आहे, कामाच्या आधीच म्हणते आहे. अर्ध्यातून सोडून येण्यापेक्षा हे बरं. माझ्या दृष्टीने विषय संपला.

सासऱ्यांच्या दृष्टीने तो सुरू झाला. ते शांत, सज्जन माणूस. नातीवर कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही चढवला नाही. ते फक्त तिचं नाव घ्यायचे थांबले. पाणी हवं असलं तर मी कामावरून येईपर्यंत थांबत. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "नाव नको घेऊ गो. आपन सांगितलंय, ती गेली. हाक मारली आनि त्याने ऐकली, तर आपला शब्द खोटा पडला."

"आबा, ती समोर बसली आहे."

"ती बसलीय ते मला दिसतंय. त्याला दिसतंय का ते मला काय म्हाईत?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्यांचं वागणं हळूहळू वाडीत उतरलं. कोणी काही वाईट बोललं नाही. टोमणे मारले असते तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. विहिरीवरच्या बायका माझ्याशी बोलायच्या, मुलगी शेजारी उभी असली तरी माझ्याशीच. दुकानदार सामान माझ्या पिशवीत घालायचा, पैसे तिने पुढे केले असले तरी. मी नाक्यावरचा फ्लेक्स स्वतः सोडवून आणला आणि मागच्या दारी लाकडांवर घातला, चेहरा खालच्या बाजूला करून. फ्लेक्स काढला म्हणून कोणी काही विचारलं नाही, तेही मला विचित्र वाटलं.

एका संध्याकाळी मी घराच्या पाठीमागे कपडे काढत होते. पुढून जावेची हाक आली, "वैनी, घरात हाव काय?" मी ओ द्यायच्या आत तिचाच आवाज, "कोन नाय वाटतं," आणि पावलं लांब गेली. मी पुढे आले तर मुलगी पडवीत बाकावर बसलेली. दिवा लागलेला होता. जाऊ येते त्या वाटेकडेच तिचं तोंड होतं.

"काकी आली होती ना?"

"हो."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तिने माझ्याकडे बघितलं, आई. बाकाकडे बघतात तसं."

मी तडक शेजारी गेले. जाऊ भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "नाटकं पुरे झाली. पोरगी समोर बसलेली असताना कोणी नाही म्हणतेस?"

तिने पिठाचा हात गळ्यावर ठेवला. "शप्पथ घेते वैनी. पडवीत कोन नव्हतं. दिवा होता, बाक होता. मला वाटलं, तुमी कामावरून आला नसाल." माझी जाऊ भांडकुदळ आहे, पण तिला खोटं बोलता येत नाही, चेहरा लगेच लाल होतो. तिचा चेहरा पिठासारखा होता.

तरी मी मानलं नाही. संध्याकाळची वेळ, डोळ्यांवर चुलीचा धूर, मनात सासऱ्यांचं बोलणं; माणसाला नाही ते दिसतं, तसं आहे तेही दिसत नसेल. मी कारखान्यात गर निवडायला बसणाऱ्या बायका बघते. तासभर एकटक गर बघितले की समोरचा खवट गरही त्यांना दिसत नाही, आणि त्या शपथेवर सांगतात की नव्हता.

मग एका सकाळी मी चहा केला. सासऱ्यांचा दिला, माझा घेतला, पातेलं विसळून पालथं घातलं. डबा भरत होते. मागून आवाज आला, "मला?"

मी दचकले. ती गॅसच्या ओट्याला टेकून उभी होती, आणि मी उठल्यापासून ती तिथेच होती. मी तिच्या अंगावरून हात घालून साखरेचा डबा काढला होता, हे मला ती म्हणाल्यावर आठवलं. वीसहून जास्त वर्षं मी त्या घरात चहा करते. ती चहा प्यायला लागल्यापासून एकदाही माझं माप चुकलेलं नव्हतं.

तिने रडून गोंधळ केला नाही. म्हणाली, "आई, मी जाते. सैन्यात. बॅग भरायला घेते."

"तुला जायचंय?"

"नाही. पण तिकडे निदान हजेरी तरी घेतात."

हे वाक्य घेऊन मी कारखान्यात गेले आणि दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. मुलगी नको असलेल्या ठिकाणी जाणार होती, ते देशासाठी नाही, पगारासाठी नाही, तर आपण आहोत हे कोणी तरी म्हणावं म्हणून. आणि वाडीला ते सोयीचं होतं. ती गेली की गाऱ्हाणं खरं ठरणार, सुट्टीवर आली की नारळ देऊन आत येणार, सगळे तिच्याशी बोलायला मोकळे. कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. हजर व्हायचा दिवस जवळ आला होता.

संध्याकाळी बोटीवर फोन लागला. नवऱ्याचा चेहरा पडद्यावर अडकत अडकत हलत होता. मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "अगो, पण मी शब्द दिलाय तिथे."

"तुम्ही दिलात. तिने कुठे दिला?"

"होती की तीपण. व्हय म्हणाली."

"जाऊबाईंची म्हैसपण होती तिथे. तीपण ओरडली. तिला पाठवा."

तो हसला, मग थांबला. "तू गुरवाला विचार. काय तरी तोड असेल."

गुरव अंगणात काथ्या वळत बसले होते. मी उभ्या उभ्या विचारलं. त्यांनी काथ्या खाली ठेवला नाही.

"वैनी, गेलेलं मानूस आलं की 'आलं' म्हनून नारळ देता येतो. ही गेलीच नाय. मग आली कशी म्हनायची?"

"गेली नाही, असंच म्हणा."

"गाऱ्हानं घालता येतं. काढता येत नाय."

"आमच्याकडे पोतं चुकून भलत्या गाडीत चढलं तर उतरवतो आम्ही."

"ते काजू हायत." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला भ्या वाटतं, खरं सांगतो. मी वीस जनांसमोर त्याला सांगितलंय, ही तुझी नव्हं. आता मी कुठल्या तोंडानं सांगू? पाठवा तिला. सहा म्हैन्यानं येईल, मी फुकट नारळ फोडतो."

सहा महिन्यांनी येईल ती कोण असेल, हे मी त्यांना विचारलं नाही. घरी आले तर बॅग खरंच भरलेली होती. पडवीत ठेवली होती, आणि सासरे त्या बॅगेकडे बघत होते. बॅग त्यांना दिसत होती.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी नारळ घेतला, कोयती घेतली आणि मुलीला म्हटलं, चल.

"कुठे?"

"शिवेवर."

"गुरवकाका येतायत?"

"नाही."

बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी बघितलेलं नाही. घालू नये असं कोणी सांगितलेलंही नाही. कोणी विचारलं नसेल. वाटेत भेटलेल्या माणसाने मला विचारलं, "एकटीच निघालात?" मी म्हटलं, "नाही." तो माझ्या आजूबाजूला बघून पुढे गेला.

दुपार होती. किंजळीखाली सावली तेवढी गार, बाकी कातळ तापलेला. वारा नव्हता. धोंड्यावर जुना शेंदूर आणि मागच्या नारळाची वाळलेली शेंडी तशीच होती. खाण समोरच, पण तिची कड उंच असल्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. यंत्राचा आवाज नव्हता. मी नारळ ठेवला. गुरवांचे शब्द मला येत नाहीत, म्हणून माझ्याच शब्दांत बोलले. मोठ्याने बोलले; पुटपुटून सांगितलेलं काम होत नाही.

"महाराजा, ही माझी मुलगी. हिच्या बापाने घाई केली आणि हिला बाहेर काढली. ही गेली नाही. हिने हो म्हटलं होतं, आता हिचा विचार बदलला आहे. ही जाणार नाही. ही इथेच आहे, हिला इथली धर."

शब्द संपले आणि ते कोणीच उचलले नाहीत. गाऱ्हाण्यात पहिल्यांदाच मला ती पोकळी ऐकू आली. एरवी तिथे माणसांचा आवाज असतो.

मुलगी म्हणाली, "कोणी तरी व्हय म्हणायला हवं ना?"

"तू म्हण."

"माझ्याबद्दल आहे. मी कशी म्हणू?"

"मागच्या वेळी म्हणालीस की."

"म्हणूनच."

मी थांबले. हे मी तिच्याऐवजी म्हणू शकले असते. तोंडावर आलंही होतं. पण तिच्याऐवजी म्हणणारे पुष्कळ झाले होते. ती धोंड्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, फार मोठ्याने नाही, पण स्पष्ट, "व्हय म्हाराजा."

आणि खालून उत्तर आलं. "व्हय म्हाराजा." पुष्कळ पुरुषांचा एकच आवाज, जड, झोपेतून उठून म्हटल्यासारखा. तो खाणीतून आला, म्हणजे जमिनीखालून. तळव्यांना जाणवला.

मी कोयतीच्या पाठीने नारळ फोडला. एका घावात फुटला. त्यात काही विशेष नाही, मी रोज नारळ फोडते.

"खाणीतली माणसं," मी म्हटलं. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडे माणूस आपोआप व्हय म्हणतो, हातातलं काम न सोडता.

"हो," ती म्हणाली आणि खाणीच्या कडेकडे निघाली, बघायला. मी तिचा दंड धरला. कड भुसभुशीत असते, पाय निसटतो. यंत्र बंद होतं. बोलण्याचा, खोकल्याचा, हातोडीचा कसलाच आवाज परत आला नाही. खाण त्या दिवशी चालू होती की बंद, हे मी नंतरही कोणाला विचारलं नाही. विचारून माझं काही काम अडलं नव्हतं.

तिचा दंड तापला होता, उन्हाने. मी बराच वेळ धरून ठेवला.

घाटीच्या वळणावर फोनला पुन्हा रेंज येते. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "आता तिकडेही सांगून टाकते." भरतीच्या कार्यालयाचा नंबर तिच्याकडे होता. मी गडग्याला, जांभ्याच्या बुटक्या कुंपणाला टेकले. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, सवयीच्या थकलेल्या आवाजात. तिने नाव सांगितलं. स्वतःचं पूर्ण नाव तिच्या तोंडून मी कित्येक दिवसांनी ऐकलं.

त्याने कारण विचारलं. आजार आहे का, घरून विरोध आहे का, लग्न ठरलं का.

"नाही," ती म्हणाली. "मी हो म्हटलं होतं. आता विचार बदललाय."

तो रागावला नाही. लेखी कळवा म्हणाला. मग म्हणाला, काही हरकत नाही, यादीत तुमच्या मागे एक मुलगी आहे, तिला आजच फोन करतो, ती तयारच बसली आहे.

तिने फोन खिशात ठेवला आणि विचारलं, "कुठली असेल गं ती?"

"मला काय माहीत?"

"तिचं गाऱ्हाणं झालं असेल?"

"चल," मी म्हटलं. "ऊन लागतंय."

ती पुढे झाली, मी मागे. उतारावर तिच्या चपलांचा आवाज येत होता, आणि तो मी घर येईपर्यंत ऐकत गेले.